राधानगरी-दाजीपूर: पावसात नको, उन्हाळ्यात जावा

पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की अख्खं कोल्हापूर रील काढायला तिकडं पळतंय. आम्ही मात्र एप्रिलात गेलो आणि माझं तर स्पष्ट मत आहे, धरण बघायचं तर उन्हाळ्यातच, कारण ते कुणाकुणाला जगवतंय हे तेव्हाच कळतं.

रंकाळ्यावरनं हळदी, परिते करत साधारण ५५ किमी, दोन्ही अंगाला ऊसच ऊस. वाटेत भोगावती नदीवरच्या (हिच्यावरच पुढं राधानगरी धरण आहे) एखाद्या बंधाऱ्यावर थांबाच. आम्ही थांबलो तिथं बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, वरच्या अंगाला नदी तुडुंब, खाली नुसते खडक आणि डबक्यात बसलेल्या म्हशी, आणि काठानं मोटारींचे पाईप ओळीनं पाण्यात सोडलेले. हे पाणी धरणाच्या पॉवर हाऊसमधनं वीज करून मग नदीत येतं, म्हणजे आधी वीज, मग ऊस, गावागावांच्या नळयोजना, आणि उरलेलं पुढं पंचगंगेला.

धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं, मध्ये बरीच वर्षं रखडलं आणि पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. साठा आठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की कुणी बटण न दाबता आपोआप उघडतात, म्हणून तर पुराच्या दिवसांत शहरातले लोक "कितवा उघडला?" एवढंच विचारत बसतात. भिंतीवर सोडतीलच असं नाही, सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालू नका.

खरी मजा पुढं दाजीपूरच्या रस्त्याला. लक्ष्मी तलावाचं, म्हणजे राधानगरी धरणाच्याच जलाशयाचं, पाणी ओसरलं की काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यावर हिरवं गवत येतं. तिथल्या भेगाळलेल्या चिखलात गव्यांचे खूर एवढे खोल उमटलेले की माझी आख्खी मूठ आत गेली, शेजारीच ओलं शेण, मग आम्ही गुमान गाडीत. एका बाजूला राधानगरी, दुसऱ्या बाजूला काळम्मावाडी धरण आणि मधे ३५१ चौ. किमीचं जंगल, पूर्वीचं संस्थानी शिकारीचं रान, १९५८ पासून अभयारण्य, २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत. अर्थात हाच गवा रात्री उसात घुसतो तेव्हा शेतकऱ्याला वारसा-बिरसा काय सुचत नाही, आणि त्यात त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.

जाणाऱ्यांसाठी: पहाटे निघा, ऊन चढलं की जनावर आत सावलीला जातं. जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी आणि फी लागते, पावसाळ्यात सफारी बंद असते, तेव्हा आधी फोन करून विचारा. पेट्रोल राधानगरीतच भरा, पुढं रेंजचा भरवसा नाही. भाकरी-झुणका, पाणी घरनं न्या. नदीत पोहायचं तर अजिबात नको, वरनं विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही. गवा रस्त्यात आडवा आला तर हॉर्न मारायचा नाही, गाडी जागेवर थांबवायची आणि त्याला जाऊ द्यायचं. एसटीनं जाणार असाल तर रंकाळा स्टँडवरनं गाड्या आहेत, फक्त परतीची शेवटची किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.