टमी टकनंतर दिवस राहिले तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. "टमी टक झालंय, आता मूल हवंय, चालेल का?" हे मला बऱ्याचजणी विचारतात, कारण ती शस्त्रक्रिया झाल्यावर मी पुन्हा आई झाले. चालतं.

या शस्त्रक्रियेत ओटीपोटावरची सैल कातडी आणि चरबी काढतात. मधोमध फाकलेले उभे स्नायू त्यांच्या आवरणाला टाके घालून जवळ आणतात. हे सगळं पोटाच्या भिंतीवर. गर्भाशय, अंडाशय, नळ्या त्याच्या आत असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणून दिवस राहायला या शस्त्रक्रियेची आडकाठी नसते. बाळाला जागाही पुरते. गर्भाशय साधारण 12 व्या आठवड्यात कटिपोकळीतून वर येतं, 20 व्या आठवड्याला बेंबीपाशी पोचतं. भिंतीला सैलावायला महिने मिळतात.

मला ताण मात्र आधीच्या खेपेपेक्षा जास्त जाणवला. आणि एक गंमत, जी कुणी सांगितली नव्हती: व्रणाच्या वरची कातडी बधिर राहिली होती. बाळाची लाथ आतून लख्ख कळायची, पण त्या जागी ठेवलेला माझाच हात कातडीला कळत नसे.

डिलिव्हरी नेहमीसारखी होऊ शकते. सिझेरियन लागलंच तर बहुधा जुन्या व्रणातूनच छेद घेता येतो. फक्त डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. ही माहिती लपवणाऱ्या बायका असतात, 'सौंदर्यासाठी केलं' म्हणायला लाज वाटते म्हणून. लाजू नका.

खरा प्रश्न पुढचा असतो, तो चाचरत येतो: मग केलेलं सगळं वाया जाणार? मला तो अजिबात उथळ वाटत नाही. पैसे, दुखणं, कमरेत वाकून चालण्याचे दिवस, हे सगळं ज्या बाईने सोसलंय ती विचारणारच. उत्तर असं की काढलेली कातडी परत येत नाही, पण उरलेली ताणली जाते, नवे स्ट्रेच मार्क्सही उमटू शकतात. स्नायूंचे टाके सैल पडून फट पुन्हा पडू शकते. कुणाचं पोट बरंचसं जागेवर येतं, कुणाचं नाही. माझं अर्धंमुर्धं आलं. किती येईल हे आधी छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणूनच सर्जन सांगतात की मुलं झाल्यावर या. एक-दोन वर्षांत मूल हवं असेल तर मीही म्हणेन, शस्त्रक्रिया थांबवा. ती झालीच असेल तर भिंत नीट भरून यायला साधारण वर्षभर द्या. पण निव्वळ पोट जपायला मूल पुढे ढकलू नका. वय थांबत नाही. मध्येच नकळत दिवस राहिले तर घाबरून जाऊ नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. वजन कमी करायची बेरिॲट्रिक शस्त्रक्रियाही झालेली असेल तर हिशोब वेगळा. तिथे साधारण 12 ते 18 महिने थांबायला सांगतात आणि लोह, बी-12 यांवर बारीक लक्ष लागतं.

आणि हो, पुन्हा टमी टक करायचं का, हे बाळंतपणानंतर लगेच ठरवू नका. निदान सहा महिने जाऊ द्यात, अंगावर पाजणं थांबू द्यात, तोवर पोट आपसूक बरंच आवळतं. त्यानंतर सर्जनकडे जा. मी गेले नाही. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करते, कंटाळत.