वन्स मोअरवाले

कॅसेटच्या काळात वाढलेली दोन माणसं भेटली, की चहा येण्याआधीच "आमच्या वेळची गाणी" सुरू होतं. मीही त्याच गोतावळ्यातला, तेव्हा मान डोलावतो. पण त्या गाण्यांचं जे मोठेपण आम्ही सांगतो, त्यातलं निम्मं श्रेय आमच्या रिकाम्या खिशांना द्यायला हवं, असं मला हल्ली वाटतं.

2000 साली इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा 'कंदिसा' हा अल्बम आला, तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलवर होतो. महिन्याला फार तर एक कॅसेट परवडायची. नाहीतर कोरी कॅसेट देऊन कुणाकडून तरी भरून घ्यायची. त्यामुळे आणलेली कॅसेट आवडून घेणं भागच असायचं. 'कंदिसा'त गाणी सातच, आणि पहिल्या रात्री खोलीतल्या कुणालाच ती आवडली नाहीत. टीव्हीवर तेव्हा युफोरिया आणि सिल्क रूट या पॉप बँडची चलती होती. मुखडा, अंतरा, थोडी हिरवळ, संपलं गाणं. इथे सुश्मित सेनची गिटार आपल्याच तंद्रीत हिंडत राहायची आणि गायला कुणी तोंड उघडेल याची वाट बघावी लागायची. शीर्षकगीत तर अरामी भाषेतली प्रार्थना, केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची. एक अक्षर कळायची सोय नाही.

पण मनीऑर्डर येईपर्यंत दुसरी कॅसेट येणार नव्हती. मग तीच लावली. पुन्हा तीच. वॉकमनचे सेल उतरत आले, की टेप मंदावायची आणि अशीम चक्रवर्ती मुळात गायचा त्याहून खाली, पार खर्जात उतरायचा. सेल काढायचे, दाताखाली दाबायचे, की आणखी एखादं गाणं निघायचं. असं करता करता कधीतरी ती गाणी अंगात मुरली. 'मा रेवा'वर आम्ही ठेका धरायला लागलो. नर्मदेकाठच्या धडगावकडचा एक मुलगा मजल्यावर होता, तो एकदा दारात उभा राहून म्हणाला, "तिकडं गावात पाणी चढायलंय, इकडं तुम्ही नाचून घ्या." बँडमध्ये बास वाजवणारा राहुल राम कॉर्नेलहून पर्यावरणातल्या विषांवर पीएच.डी. करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात खोऱ्यात जाऊन राहिला, तिथलंच हे नर्मदेचं गाणं, हे आम्हाला त्यानंतर कळलं. गाणं आम्ही थांबवलं नाही. आवाज मात्र कमी केला.

रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. लोकांना अर्थ न कळणारे शब्द, चिनी अक्षरांसारखी चिन्हं, अनोळखी चेहरे दाखवायचे. काही एकदाच, काही पुन्हा पुन्हा. जे जास्त वेळा डोळ्यांसमोरून गेलं, ते लोकांना जास्त आवडलं. त्यासाठी आणखी काही करावं लागलं नाही. आमच्या हॉस्टेलमध्ये हाच प्रयोग मनीऑर्डरच्या तालावर चालू होता म्हणायचं.

म्हणून मग मी नव्या बँडना तीच वागणूक द्यायचं ठरवलं. आजची अडचण अशी, की गाणं पहिल्या वीस सेकंदांत आवडलं नाही तर अंगठा आपोआप पुढे सरकतो. त्या अंगठ्याच्या हातात कारभार असता, तर 'कंदिसा' मी कधीच ऐकला नसता. आता एखादा नवा बँड हाती लागला, की त्याचा एक अल्बम घ्यायचा आणि पुढचा आठवडाभर सकाळी तळजाई टेकडीवर फिरताना फक्त तोच. गाणं पुढे ढकलायचं नाही. कंटाळा आला तर कंटाळ्यासकट चढ चढायचा.

या पद्धतीने बंगळुरूचा 'परवाझ' सापडला. उर्दूत गातात, काश्मिरीत गातात, आणि घाई अजिबात करत नाहीत. पहिले दोन दिवस मला वाटलं, हे फार ताणतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाचगावच्या बाजूला उतरताना त्यांचं काश्मिरी 'रोज़ रोज़' मी गुणगुणत होतो, आणि त्यातलंही एक अक्षर मला कळत नव्हतं. दिल्लीच्या 'ब्लडीवुड'शी मात्र लगेच जमलं. हेवी मेटल रॉकमध्ये ढोल आहे, आणि गणपतीत लक्ष्मी रोडवर उभं राहून छातीत ठोके घेतलेल्या माणसाला आणखी काय समजावून सांगायचं?

सगळ्यात गंमत आली 'आल्तिन ग्युन'मुळे. बँड ॲमस्टरडॅमचा. त्यांच्यातला बास वाजवणारा डच माणूस इस्तंबूलला गेला, तिथल्या 1970च्या आसपासच्या रॉकवर भाळला आणि परत येऊन तुर्की गाणारे-वाजवणारे शोधत सुटला. 2018 साली पहिला अल्बम, 2019 च्या दुसऱ्याला थेट ग्रॅमीचं नामांकन. मी नवा बँड म्हणून कौतुकाने ऐकत होतो आणि माल सगळा पन्नास वर्षांपूर्वीचा निघाला. काही गाणी तर त्याहून जुनी, लोकगीतं. मग तिथून मागे मागे जात त्या काळची तुर्की गायिका सेल्दा बाजान ऐकली, गायक बारिश मान्चो ऐकला. मान्चोच्या मिशा बघून तर आपल्याकडच्या तमाशातले सरदार आठवले. आता या दोघांना माझे नवे शोध म्हणायचं की जुने? माझ्या जन्माच्या आधीपासून गाणारी माणसं ती.

नव्या बँडचं एक बरं असतं. त्याच्याकडून आपली काही येणी नसतात. जुन्या आवडत्या बँडचं नवं गाणं ऐकायला बसलं, की खरी पंचाईत होते. 2009 च्या डिसेंबरात इंडियन ओशनचा अशीम वारला. पुढे 2013 साली सुश्मित सेनही बँडमधून बाहेर पडला. राहुल राम आणि ड्रम्सपासून गबगुबी या लोकवाद्यापर्यंत सगळं वाजवणारा अमित किलम, दोघांनी नवे सोबती घेऊन गाडी चालू ठेवली; 2023 साली 'तू है?' नावाचा अल्बमही काढला. परवाझला मी जो एक आठवडा उदारपणे दिला, तो माझ्या या लाडक्या बँडला द्यायला मी महिनोन्‌महिने टाळत होतो. लावला तरी कान तपासनिसासारखे बसलेले. इथे अशीमने तान कशी घेतली असती? ही गिटार सुश्मितची असती तर?

त्यांच्या मैफलीतही हेच दिसतं. नवं गाणं सुरू झालं, की आमच्या वयाची मंडळी खायच्या स्टॉलकडे सरकतात, आणि मागून कुणीतरी 'कंदिसा'ची फर्माईश ओरडतं. आपण मराठी माणसं तर या बाबतीत पिढीजात गुन्हेगार. वन्स मोअर मागून मागून संगीत नाटकं पहाटेपर्यंत लांबवणाऱ्यांचे आपण वंशज. त्यात नायिका विरहात तळमळत असली, तरी तिने तेच पद पुन्हा म्हणायचं आणि पुन्हा तेवढंच तळमळायचं. बालगंधर्वांनी हा जाच कसा सोसला असेल, देव जाणे. बँडनेही पंचवीस वर्षं तेच गाणं, त्याच जागी, त्याच उत्साहाने गायचं, आणि समोरच्याचे डोळे मिटलेले, कारण तो तुम्हाला बघतच नाहीये. तो आपल्या हॉस्टेलच्या खोलीत आहे.

माझी मुलगी अकरावीत आहे. तिला इंडियन ओशन तिच्या एका मैत्रिणीने सुचवलं, आणि तिने सुरुवात केली ती 'तू है?'पासून. मला म्हणाली, "बाबा, हा बँड ऐकलायस का? भारी आहे." मी जरा छाती पुढे काढून 'कंदिसा'ची सगळी कथा सांगितली, सेल चावण्यासकट. तिने तो अल्बम ऐकला आणि निकाल दिला, की हाही चांगला आहे, पण रेकॉर्डिंग जुनं वाटतं, नवाच जास्त आवडला. मला राग यायला हवा होता. पण ती ज्या गाण्यावर खूश होती, ते मी नीट ऐकलेलंच नव्हतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

मागच्या दिवाळीत कोल्हापूरला जाताना तह झाला: कात्रजच्या बोगद्यापासून कराडपर्यंत तिचं, पुढे माझं. खंबाटकीच्या घाटात ट्रक बंद पडून वाहतूक तुंबली आणि 'तू है?' सगळाच्या सगळा दोनदा वाजला. कराड ओलांडल्यावर तिने फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "राहू दे, ते तिसरं गाणं परत लाव."

"वन्स मोअर?" तिने विचारलं.

"लाव गं."