सव्वादोन किलो वाळू

गाडी १९३२ ची फोर्ड रोडस्टर, आणि तक्रार एका ओळीची: वीस मिनिटं चालवली की तापते. तिच्यातल्या फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८ (व्ही आकारात मांडलेले आठ सिलिंडर) इंजिनाबद्दलची ही तक्रार इतकी जुनी आहे की बरेच जण तिला तक्रार न म्हणता इंजिनाचा स्वभावच म्हणतात. आमचं मशीन शॉप कॅलिफोर्नियात, पोमोनाच्या जवळ. जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांचं बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं), होनिंग (तो घासून गुळगुळीत करणं), भेगा बुजवणं हेच रोजचं काम. आमच्याकडे येण्याआधी मालकाने नवा रेडिएटर, दोन नवे वॉटर पंप आणि मोठा पंखा बसवून पाहिला होता. फरक शून्य.

त्याला ही गाडी फॅमोसोला पळवायची होती. बेकर्सफील्डजवळच्या या पट्टीवर १९५९ पासून मार्च महिन्यात ड्रॅग रेसिंगचा मोठा मेळा भरत आला आहे, आणि आता तिथे जुन्या धर्तीच्या गाड्यांचं कौतुक असतं. पाव मैल, म्हणजे १३२० फूट, उभ्या गाडीतून सुटायचं आणि सरळ जायचं. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळावर पैसे घेऊन अशा शर्यती सुरू झाल्या, तेव्हा त्यात हेच इंजिन जिकडेतिकडे असायचं: फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८.

फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात, सिलिंडरच्या शेजारी बसतात. हेड म्हणजे जवळजवळ झाकणच. १९३२ मध्ये हे इंजिन आलं तेव्हा २२१ घन इंच क्षमतेचं आणि ६५ हॉर्सपॉवरचं होतं. आमच्यापुढे आलेला ब्लॉक दुसऱ्या महायुद्धानंतरचा, ५९एबी मॉडेलचा, मूळ २३९ घन इंचांचा. तापण्याचं मूळ रचनेत आहे. जळालेला वायू व्हॉल्व्हमधून निघून बाहेर पडेपर्यंत ब्लॉकच्या पाण्यातूनच वाट काढतो. त्यात प्रत्येक बाजूला सिलिंडर चार आणि वाटा तीन. मधल्या दोघांना एकच वाट. चूल पाण्याच्या हंड्याखाली नव्हे, हंड्याच्या आत पेटवल्यासारखं. पण नीट बांधलेला फ्लॅटहेड उन्हाळ्यातही तापत नाही, हे मी ठामपणे सांगतो. तापत असेल तर त्याला कारण असतं आणि ते सापडतं.

इंजिन खोलायच्या आधी दोन गोष्टी केल्या. गाडी चालू ठेवून इन्फ्रारेड गनने ब्लॉकच्या बाजूने तापमान घेत गेलो. पुढे, पंपाजवळ, ८४ अंश सेल्सिअस. मागे, चौथ्या आणि आठव्या सिलिंडरपाशी, १०९. पंप पाणी पुढून ढकलतो, म्हणजे ते मागेपर्यंत पोचतच नव्हतं. दुसरी तपासणी निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा या द्रवातून खेचायची. पाण्यात जळालेला वायू शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आमचं हिरवट झालं आणि तिथेच थांबलं. म्हणजे आजार दोन. पाणी अडतंय, आणि कुठून तरी थोडासा वायू पाण्यात जातोय. नवा रेडिएटर यातलं काहीच बरं करणार नव्हता.

खोलण्यात दोन दिवस गेले. एका हेडला २४ स्टड (ब्लॉकमध्ये रोवलेले, हेड धरून ठेवणारे आट्यांचे दांडे), आणि त्यांची भोकं थेट पाण्यात उघडतात, त्यामुळे ते खालून गंजतात. अ‍ॅसिटोन आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल निम्मं निम्मं मिसळून रात्रभर मुरवलं. सकाळी नट गरम करून आधी किंचित आवळला आणि मग सोडवला. सरळ सोडवायला गेलं की स्टड मान टाकतो. तरी ४८ पैकी ३ तुटले. तुटक्या खुंटावर नट वेल्ड करायचा, पूर्ण निवू द्यायचा, मग पाना लावायचा. भोक पाडून काढायच्या फंदात पडू नये. ड्रिल मऊ बिडाकडे सरकतं आणि मग नवीनच दुखणं उभं राहतं.

गुरुवारी सकाळी ब्लॉक ओव्हनमधून बाहेर आला. रात्रभर साधारण ३७० अंशांवर भाजला की तेल, रंग, जुनं सीलंट सगळं राख होतं, आणि मुख्य म्हणजे आतला घट्ट बसलेला गाळ सुटा होतो. इकडे गंज काढायला ब्लॉक मळीच्या पाण्यात दोन आठवडे बुडवून ठेवायची पद्धत आहे, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. कोल्हापूरच्या माणसाला साखर कारखान्याचा तो वास अमेरिकेत आला की हसू येतं. गंज त्याने निघतो, वाळू निघत नाही.

ब्लॉक साखळीवर टांगला, मागची बाजू खाली केली आणि लाकडी हातोडीने ठोकला. पहिल्या दोन ठोक्यांत मूठभर भुकटी पडली, तिसऱ्याला ढेकळं. मग जुन्या स्पीडोमीटरच्या केबलचं टोक उसवून ती ड्रिलला लावली आणि एकेका पाण्याच्या भोकातून, एकेका स्टडच्या भोकातून आत घातली. दोन तास हेच चाललं. खाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये जे जमलं त्याचं वजन केलं: २ किलो २६० ग्रॅम. त्यात बोटाएवढ्या लांबीची एक लोखंडी तारही होती.

मालक समोरच उभा होता. “गंज एवढा?”

“गंज थोडा. बाकी वाळू आहे. ब्लॉक ओतला त्या दिवसापासूनची.”

फाउंड्रीत ज्याने फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या वस्तूची साफसफाई, पाहिलंय त्याला ही वाळू दाखवून द्यावी लागत नाही. गंजाचा पापुद्रा बोटांत चुरला की तपकिरी पीठ होतं. कोअरची वाळू काळी, भाजलेली असते, ढेकूळ तुटलं की कडा धारदार निघते, आणि चिमटीत करकरते. पाण्याची पोकळी तयार व्हावी म्हणून साच्यात वाळूचे कोअर बसवतात, ते मोडू नयेत म्हणून आत तारा घालतात. ओतल्यावर हे सगळं ठोकून काढायचं असतं. दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकाच ओतकामात असलेल्या ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यात हातोडीचा धक्का नीट पोचत नाही, त्यामुळे थोडी राहते. सत्तरेक वर्षांत हा ब्लॉक निदान दोनदा खोललेला होता, आणि कोणीही ती काढली नव्हती. का काढली नसेल ते पुढे कळलं.

पुढची पायरी भेगा. विद्युतचुंबकाचे दोन पाय भेगेचा संशय असेल तिथे टेकवायचे आणि वरून कोरडी लोखंडी पूड भुरभुरायची. अखंड बिडावर पूड सैरावैरा पडते. भेग असली की तिथे रांग लागते, मुंग्यांसारखी. स्टडच्या भोकापासून जवळच्या पाण्याच्या भोकापर्यंत चार-पाच बारीक रांगा लागल्या. त्या जवळपास प्रत्येक फ्लॅटहेडला असतात, दोन्हीकडे पाणीच असल्याने सीलंट लावून सोडून द्यायच्या. खरी रांग सहाव्या सिलिंडरला होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून (व्हॉल्व्ह मिटताना जिच्यावर टेकतो ती कडी) सिलिंडरच्या काठापर्यंत, आणि काठावरून खाली सिलिंडरच्या भिंतीत पाऊण इंच.

काजळी तारेच्या ब्रशने काढली तेव्हा त्या रांगेवर गोल खुणा दिसल्या. तीन पिना. कोणीतरी ही भेग पूर्वी शिवली होती. पद्धत आजही तीच आहे: भेगेवर भोक पाडून त्यात आटे कापायचे, बिडाची निमुळती पिन घट्ट पिळून कापून टाकायची, आणि पुढचं भोक आधीच्या पिनेचा तिसरा हिस्सा खात पाडायचं. काम स्वच्छ होतं, तीनही पिना आजही घट्ट. पण त्याने वरचा सपाट भागच शिवला होता, सिलिंडरच्या आत उतरलेली भेग तशीच ठेवली. वायू तिथूनच पाण्यात जात होता. भेग का पडली तेही शेजारीच दिसत होतं. व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्या मधला भाग ग्राइंडरने एक सूत (इंचाचा आठवा भाग) खोल घासलेला होता, वायूला मोकळी वाट मिळावी म्हणून. शर्यतीवाल्यांची ही जुनी हौस. त्याने बीड पातळ होतं आणि दाबही कमी होतो. माझ्या मते त्यातून मिळण्यापेक्षा जातं जास्त, पण तेव्हा सगळे करायचे.

मालकाला त्या पिना पाहून भरून आलं. जुने लोक काय जिवाने काम करायचे, असं काहीतरी तो म्हणाला. मला उलटं वाटतं, आणि मी तसं बोललोही. पन्नाशीच्या दशकात हा ब्लॉक भंगारवाल्याकडे किरकोळ पैशांत मिळायचा. फुटला तर दुसरा आणायचा. वाळू काढायला दोन तास कोण घालवणार? तीन पिना मारून रविवारची शर्यत निघाली की झालं. आज भेग नसलेला ब्लॉक शोधत राज्यभर फिरावं लागतं, म्हणून आम्ही त्याला चुंबक लावतो, अल्ट्रासॉनिक लावतो. त्या काळी कोणी हे करताना दिसला असता तर पोरं हसली असती.

दुपारी भिंतींची जाडी मोजली. ब्लॉक ओतताना कोअर जरा जरी सरकला तरी सिलिंडर एका अंगाला पातळ निघतो. अल्ट्रासॉनिकचं टोक जेल लावून आतून टेकवायचं. चार दिशा, तीन उंची, आठ सिलिंडर, म्हणजे ९६ आकडे. सात सिलिंडरांत पिस्टनचा जोर येतो त्या बाजूला १६० ते १९० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळाले. सहाव्यात १३०.

वाद इथे झाला. मालकाच्या डोक्यात २८६ घन इंच पक्कं बसलेलं: मर्क्युरी या फोर्डच्याच ब्रँडचा ४ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) क्रँक आणि ३-३/८ इंचाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. क्रँक त्याने आधीच घेऊन ठेवला होता. मी कागदावर हिशेब मांडला. सध्याचा बोअर ३० थाऊ वाढवलेला, म्हणजे ३.२१७५ इंच. ३-३/८ ला गेलो तर भिंतीतून ७९ थाऊ जाणार, सहाव्यात उरणार ५१. ती भिंत नाही, पत्रा झाला. ३-५/१६ ला, म्हणजे २७६ घन इंचाला, ८२ उरतात. १०० च्या खाली मी जात नाही. पातळ भिंत तापली की फुगते, पिस्टनच्या रिंगा सील धरत नाहीत, आणि इंजिन पुन्हा तापतं. मग आज काढलेली वाळू फुकट.

उरला एकच मार्ग. सगळे सिलिंडर ६० थाऊवर, ३.२४७५ ला न्यायचे आणि फक्त सहाव्यात अर्धा सूत जाडीची कोरडी स्लीव्ह (पाण्याला न लागणारी आतली नळी) बसवायची. स्लीव्हमागे मूळ बीड ५२ थाऊ राहतं, स्लीव्ह ६२ ची, दोन्ही मिळून जाडी शंभराच्या वर. शिवाय भिंतीतली भेग स्लीव्हच्या मागे जाते. एका कामात दोन दुखणी.

त्याने मोबाईलवर आकडेमोड केली. “म्हणजे २६५.”

“२६५.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. जाणकाराला यातली खोच कळेल. १९५५ मध्ये शेव्हरोलेने आपला नवा व्ही-८ आणला तो बरोबर २६५ घन इंचांचा होता, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेला, आणि त्याने शर्यतींच्या पट्ट्यांवरून फ्लॅटहेडला पार हुसकावलं. फोर्डने स्वतः अमेरिकेत १९५३ नंतर फ्लॅटहेड बंद केला होता. शेवटी मालक म्हणाला, “कोणी विचारलं तर मी २८६ सांगणार.” ते त्याचं त्याने पाहावं.

कामाचा क्रम चुकवून चालत नाही. आधी पिना: जुन्या तीन राहू दिल्या, सीटची कडी काढून तिच्या खाली सरकलेल्या भेगेवर दोन नव्या मारल्या, शेवटची भेगेच्या टोकाच्या पलीकडे, नाहीतर ती पुढे चालतच राहते. मग सहावा बोअर करून स्लीव्ह दाबली, दोन थाऊ घट्ट; बोअरच्या तळाला एक पायरी ठेवली, म्हणजे ती खाली उतरू नये. मग वरचा पृष्ठभाग सपाट केला. सीटची नवी कडी सर्वांत शेवटी. ती आधी बसवली तर स्लीव्ह दाबताना तिचा गोलपणा जातो. झाल्यावर सगळी भोकं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून ब्लॉक गरम पाण्यात बुडवला आणि ४० पौंड दाबाची हवा दिली. अर्धा तास बुडबुडा नाही.

कार्बुरेटरचं दुखणं वेगळंच. स्ट्रॉमबर्ग ९७ ची जोडी होती आणि तिला इलेक्ट्रिक पंप ६ पौंड दाबाने पेट्रोल पाजत होता. ९७ ची पेट्रोल अडवणारी सुई अडीच-तीन पौंडांपर्यंतच तग धरते, त्यापुढे पेट्रोल वाहतं, सिलिंडरवरचं तेल धुतलं जातं आणि सुटताना गाडी गुदमरते. रेग्युलेटर लावून दाब २ वर आणला, फ्लोटची पातळी वरच्या कडेपासून १५/३२ इंच धरली. हे काम वीस मिनिटांचं.

बांधणी करताना प्रत्येक स्टडच्या आट्यांना न सुकणारं सीलंट लावून तो फक्त हाताने बसवला. अ‍ॅल्युमिनियमची हेडं मधून बाहेरच्या दिशेने तीन फेऱ्यांत आवळली: २०, ३५, ४५ फूट-पौंड. इंजिन एकदा गरम करून पूर्ण निवल्यावर पुन्हा ४५. अ‍ॅल्युमिनियम हेड गरम असताना कधी आवळू नये. वरच्या दोन्ही पाण्याच्या पाइपांत बायकांच्या नायलॉन मोज्याचे तुकडे गाळणीसारखे बसवले. पहिल्या तासाभरानंतर ते काढले तेव्हा चमचाभर वाळू तरीही निघालीच.

गनने पुन्हा मोजलं. पुढे ८३, मागे ८७.

फॅमोसोहून मालकाने वेळेच्या पावतीचा फोटो पाठवला, १४.४ सेकंद. खाली लिहिलं होतं की डाव्या हेडचा मागून दुसरा स्टड पाझरतोय. सोमवारी गाडी आली, स्टड काढला, आटे साफ केले, नवं सीलंट लावून बसवला. बुधवारी तोच स्टड परत ओला.