जॉन बोट घेताना लांबीआधी रुंदी बघा

अमेरिकेत तळ्यावरच्या मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची सपाट तळाची होडी, म्हणजे जॉन बोट घ्यायची ठरली की चर्चा बारा फुटी की सोळा फुटी यावरच अडकते. बघायची असते रुंदी, आणि ती बहुतेकदा मॉडेलच्या आकड्यातच लिहिलेली असते. 1236 म्हणजे लांबी 12 फूट, तळ 36 इंच. 1648 म्हणजे 16 फूट, 48 इंच.

आडव्या डुलण्याला होडी जो विरोध करते तो लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो, रुंदीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. लांबी तीच ठेवून तळ 36 वरून 48 इंच केला, तर हा विरोध साधारण 2.4 पट होतो. म्हणून 1636 आणि 1448 समोर असतील तर निःसंकोच 1448 घ्या.

तरीही 1236 ची जागा दुसरी कुठलीही होडी घेऊ शकत नाही. नुसती होडी 50-60 किलोची, दोघांनी उचलून पिकअपमध्ये टाकायची. रॅम्प (होडी ट्रेलरवरून पाण्यात उतरवायचा उतार) नसलेली आणि फक्त इलेक्ट्रिक मोटर चालवू देणारी छोटी तळी तिच्यासाठीच आहेत. पण तिचा तळ जेमतेम 30 चौरस फूट टेकतो, त्यामुळे दर 70 किलोंना ती सुमारे एक इंच खाली जाते. माणूस, मोटर आणि 25-30 किलोची शिशाची बॅटरी असं सगळं मागे ठेवलं तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, हवेत उचलली जाते आणि ट्रान्समवरून (मोटर लावायच्या मागच्या सपाट भिंतीवरून) पाणी आत यायची भीती असते. बॅटरी पुढे ठेवा. 55 पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर पूर्ण वेगात 50 अँपिअरपर्यंत ओढते, तेव्हा लांब वायर जाड हवी, 6 गेजची, आणि 60 अँपिअरचा ब्रेकर बॅटरीलगत.

पुष्कळ होड्या बिघडतात त्या हौशी फेरबदलांमुळे. 36 इंची तळावर उंच डेक बांधून त्यावर उभं राहायचं, हे करूच नका; गुरुत्वमध्य वर जातो आणि होडी उलटते. मधलं बाक कापू नका. ते दोन्ही बाजूंना ताणून धरतं, शिवाय त्याखालचा फोम होडी पाण्याने भरली तरी तिला तरंगती ठेवतो. डेकला प्रेशर-ट्रीटेड प्लायवूड वापरलं तर त्यातलं तांबं ओलाव्यात ॲल्युमिनियमला भोकं पाडतं. साधं एक्स्टिरियर प्लायवूड घ्या, सगळ्या कडांना इपॉक्सी लावा.

जुनी होडी घेताना ट्रेलरवरच आत दोन-तीन इंच पाणी भरा आणि खालून कुठले रिव्हेट गळतात ते खडूने खुणा करून ठेवा. होडी अपेक्षेपेक्षा जड लागली तर फोमने पाणी प्यायलेलं असण्याची शक्यता मोठी.

1648 घेतलीत की ट्रेलर आणि रॅम्प आलेच. तिघांना ती ऐसपैस पडते, उभं राहून गळ टाकता येतो. मोठ्या जलाशयावर वारा सुटला की मात्र सपाट तळ लाटांवर आपटतो, आकार कितीही असो. ट्रान्समजवळच्या क्षमतेच्या पाटीवरच्या एकूण वजनात माणसं, इंजिन आणि सामान सगळं धरलेलं असतं. आधी इंजिन, इंधन, बॅटरी, नांगर वजा करा; उरेल त्यात किती माणसं बसतात ते पाहून आकार ठरवा.