डॉक्टरांचा कागद

नोव्हेंबर आला की आमच्या पेन्शन काउंटरवर जत्रा भरते. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली बँकेची शाखा, त्यात महालेखाकार कार्यालयातून रिटायर झालेली मराठी मंडळी बरीच. हयातीचा दाखला द्यायला सगळे याच महिन्यात येतात. ऐंशी ओलांडलेल्यांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, पण आमच्याकडे ती पाटी लागली आहे खांबामागे!

त्या दिवशी गर्दीतून एक ताई वडिलांना हाताला धरून घेऊन आल्या. काका ऑडिटमधले. एकेकाळी व्याजातली सव्वा रुपयाची चूक दाखवायला खास बँकेत यायचे. आता समोर ठेवलेलं पासबुक ओढून घेतलं, माझं पेन उचललं आणि एकेका नोंदीपुढे बारीक टिक करत बसले. चुकीचं पानही सोडलं नाही.

अंगठा मशीनने घेतला नाही. या वयात बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे हे रोजचंच. मग चेहऱ्यावरून. त्यात मोबाइलसमोर पापण्या मिटाव्या लागतात. मी "काका, डोळे मिटा" म्हटलं की ते मला नमस्कार करत. मागची रांग कुरकुरायला लागली. ताई वाकल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हलकी फुंकर मारली. पापण्या मिटल्या, दाखला झाला. आम्हाला मिळालेल्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं.

खरं काम पुढे होतं. काकांची एफडी एकट्याच्या नावावर. ती मोडून रात्रीसाठी बाई ठेवायची होती. ताईंनी शाळेची नोकरी केव्हाच सोडली आहे. रात्री तीन वाजता काका डबा मागतात, ऑफिसला उशीर झाला म्हणून कडी काढायला जातात. ताई दाराला खाट लावून झोपतात. हे सगळं सांगता सांगता त्यांनी आपणहून न्यूरॉलॉजिस्टचं सर्टिफिकेट काउंटरवर ठेवलं. अल्झायमर. कागद बघून काम लवकर होईल, असं त्यांना वाटलं.

त्याच कागदाने काम अडलं. आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा चालतो, तोही नाही तर पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक बँकेचा. पण ही सोय हात चालत नसलेल्यासाठी आहे. आपण कशावर अंगठा देतोय हे ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी नाही. मुखत्यारपत्र म्हणाल, तर देणाऱ्याचं भान गेलं की ते संपतं, नवं तर करताच येत नाही. 1999च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालक नेमता येतो, पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेसाठी. स्मृतिभ्रंश त्यात नाही. जुन्या 1987च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेची व्यवस्था लावून देण्याचं कलम होतं, 2017च्या नव्या कायद्यात ते राहिलं नाही. उरलं कोर्ट.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023मधला अंदाज आहे. त्यांच्या ठेवींचं काय करायचं, हे मात्र ज्या त्या शाखेच्या हिमतीवर.

आमचे मॅनेजर मला केबिनमध्ये म्हणाले, "सर्टिफिकेट दाखवलंच कशाला त्यांनी? नुसता अंगठा घेतला असता, मिटलं असतं." म्हणजे जे लपवतात त्यांचं काम होतं. तरी नियम अगदीच खुळा आहे असंही म्हणवत नाही. बापाचा अंगठा उठवून पैसे नेणारी मुलंही याच काउंटरवर पाहिली आहेत.

तेवढ्यात ताईंच्या भावाचा पुण्याहून फोन आला, थेट आमच्या लँडलाइनवर. "मला विचारल्याशिवाय एफडीला हात लावायचा नाही." बाबा कसे आहेत, हे त्याने विचारलं नाही. पैशाचा हिशेब दूरवरून फार नीट दिसतो काही जणांना.

घर पेन्शनवर चालतं. एफडी काका आणि ताईंच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही' अशी करून घ्यायला हवी होती, काकांना समजत होतं तेव्हा; निदान मुदत संपल्यावर तरी ताईंना पैसे काढता आले असते. रिन्यू करायला ते दर वेळी स्वतः यायचे. तेव्हा काउंटरवरून कुणी सुचवलं नाही. आमचं टार्गेट नवीन ठेवींचं असतं.

मी ताईंना सांगितलं, ग्वाल्हेरला हायकोर्टाचं खंडपीठ आहेच, वकील बघा, अर्ज करून पालक म्हणून नेमून घ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, काकांच्या मुठीतून माझं पेन सोडवून मला परत दिलं आणि विचारलं, "तारखेला मी कोर्टात गेले, तर यांच्याजवळ कोण बसेल?"

त्यासाठीच तर बाई ठेवायची होती.