मुली तयार, मैदान मिळेना

मेलबर्नच्या पश्चिमेला आमच्या उपनगरात एक फुटबॉल क्लब आहे. आपला फुटबॉल, इथला अंडाकृती चेंडूचा फूटी नव्हे. मी त्याची सेक्रेटरी, अर्थात बिनपगारी. २०२३ च्या महिला विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाने, म्हणजे माटिल्डांनी, फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये ७-६ असं हरवलं आणि आमच्याकडे मुलींच्या चौकशीची रीघ लागली. प्रशिक्षक, विमा, गणवेश, सगळं जमत गेलं. घोडं अडलं ते कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मैदानवाटपात, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इथे मैदानं क्लबच्या मालकीची नसतात. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात, म्हणजे इथे साधारण एप्रिल ते सप्टेंबर, फुटबॉल, असं वाटप कौन्सिल करते. आमच्याकडे ते मागच्या हंगामातल्या टीम मोजून होतं. मागच्या हंगामात मुलींची टीमच नव्हती, म्हणून वेळ नाही. मी इच्छुक मुलींची वेटिंग लिस्ट पाठवली, तर उत्तर आलं, ‘नोंदणी झालेल्या मुलींची यादी द्या.’ नोंदणी म्हणजे पूर्ण फी. सरावाचा वार आणि वेळ माहीत नसताना कुठले आईवडील फी भरतील? ईमेलला दर वेळी नवीनच माणूस उत्तर देई, की मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं.

तोवर मुलींना मिळाला मैदानाचा कडेचा कोपरा. जूनमध्ये इथे पाचनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. दिव्याचा खांब एकाच बाजूला, त्यामुळे चेंडू पेनल्टी बॉक्सच्या पलीकडे गेला की दिसेनासा व्हायचा. मुली थांबून एकमेकींना विचारायच्या, ‘गेला कुठे?’ सरावाला निदान ५० लक्स उजेड हवा. तिथे त्याच्या जवळपासही नव्हता. आणि पलीकडचं उजेडाचं मैदान मंगळवारी संध्याकाळी रिकामं!

अखेर कामी आलं व्हिक्टोरिया राज्याचं ‘फेअर ॲक्सेस’ धोरण. मुली-महिलांना मैदानं समान न्यायाने देण्याचं धोरण नसलेल्या कौन्सिलला १ जुलै २०२४ पासून क्रीडासुविधांसाठी राज्याचा निधी मिळत नाही. आमच्या कौन्सिलनेही असं धोरण मंजूर केलेलं होतं. मी त्यातलं गर्दीच्या वेळांबद्दलचं कलम अर्जात जसंच्या तसं उतरवलं. सोबत कोणत्या संध्याकाळी कुठलं मैदान कोण वापरतं याचा तक्ता आणि जन्मवर्षानुसार वेटिंग लिस्ट जोडली. मंगळवार-गुरुवार मिळाले. ते पत्र मी कमिटीच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा हात थरथरत होते.

तुमच्या क्लबवर ही वेळ आली तर तोंडी विनंत्यांमध्ये हंगाम घालवू नका. कौन्सिलचं स्वतःचं धोरण शोधा आणि त्याच्याच शब्दांत मागा. हिवाळ्याचे अर्ज आदल्या वर्षीच मागवले जाऊ शकतात, तारीख आधी विचारून ठेवा. दहा-अकरा वर्षांखालच्यांचे सामने नऊ-नऊ जणांचे असतात, त्यामुळे एका मैदानावर दोन टीमचा सराव सहज होतो. हे अर्जात जरूर लिहा. हो, आणि मदतीला येणाऱ्या पालकांचं ‘वर्किंग विथ चिल्ड्रन’ (मुलांसोबत काम करण्यासाठीचं पडताळणीचं) प्रमाणपत्र लवकर काढून घ्या, स्वयंसेवकांना ते मोफत मिळतं.

मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली अजूनही नाही. त्या अर्जालाही तेच कलम जोडलं आहे.