मुलाच्या तक्रारीआधी आईवडिलांचे बोलणे

मुलाची तक्रार घेऊन आलेले आईवडील पहिल्या बैठकीत बहुतेक वेळा माझ्याशी, म्हणजे समुपदेशकाशी, बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत. आईच्या लाडांमुळे मुलगा बिघडला, असे वडील सांगतात. हे इतके ओरडतात की मला त्याला पाठीशी घालावेच लागते, असे आई सांगते आणि कोण बरोबर याचा निवाडा मी करावा अशी दोघांचीही अपेक्षा असते. हा निवाडा समुपदेशकाने कधीही करू नये, असे माझे ठाम मत आहे. एकाला बरोबर ठरवले की दुसरा पुढच्या बैठकीला येत नाही, किंवा येऊन गप्प बसतो, आणि आईवडिलांमधली जी फट मुलाला आधीपासूनच ठाऊक असते ती आणखी रुंद होते.

या कामाची दिशा मला साल्वादोर मिनुचिन यांच्या विचारांतून मिळाली. अर्जेंटिनात १९२१ साली जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम केलेल्या या मनोविकारतज्ज्ञांनी कुटुंबाच्या रचनेकडे पाहायला शिकवले. मुलांचे म्हणणे जरूर ऐकावे, पण पालकत्वाचे निर्णय आईवडिलांनी आपसांत घ्यावेत आणि त्या दोघांच्या मध्ये मुलाला बसवू नये, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. ते ही गोष्ट नुसती समजावून सांगत नसत, तर बैठकीतच खुर्च्यांच्या जागा बदलायला लावत आणि घरी जो वाद होतो तो समोरच बोलायला लावत.

एक उदाहरण देतो. ते अनेक कुटुंबांच्या अनुभवांतून जुळवलेले आहे, कोणा एका घराचे नाही. वडील एमआयडीसीतील कंपनीत दुसऱ्या पाळीत काम करतात. मध्यरात्रीनंतर घरी येतात तेव्हा तेरा वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन जागाच असतो, सकाळी त्याला उठवत नाही आणि शाळा बुडते. वडील ओरडतात म्हणून आई सौम्य होते, आई सौम्य होते म्हणून वडील अधिक कठोर होतात, आणि आपण एकमेकांची भरपाई करत आहोत हे दोघांच्याही लक्षात येत नाही. निरोपही मुलामार्फतच जातात: ‘बाबांना सांग, फी भरायची आहे.’

अशा वेळी मी मुलाला बाजूच्या खुर्चीवर बसवतो, आईवडिलांच्या खुर्च्या समोरासमोर करतो आणि संस्कार, शिस्त असे मोठे विषय दूर ठेवून रात्रीच्या मोबाइलचा एवढाच प्रश्न दोघांनी आताच सोडवावा असे सांगतो. आई दर दोन वाक्यांनी माझ्याकडे वळते. मी म्हणतो, ‘हे त्यांना सांगा.’ वडील तिचे म्हणणे अर्ध्यावर तोडतात. मी त्यांना थांबवतो. बराच वेळ अवघडलेपणात जातो, आणि तो जाऊ द्यावा लागतो, कारण समुपदेशकाने तोडगा सुचवला की तो त्याचा होतो, त्या दोघांचा राहत नाही. शेवटी ठरते ते अगदी साधे असते: दहा वाजता फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, वडिलांनी जेवणाच्या सुट्टीत फोन करून मुलाला तेच सांगायचे जे आई सांगते, नियम मोडला तर रात्री विषय काढायचा नाही, दुसऱ्या दिवशी पाळीला निघण्यापूर्वी दोघांनी बोलायचे. मतभेद असला तरी मुलासमोर ‘आम्ही बोलून सांगतो’ एवढेच म्हणायचे. मुलाला हा निर्णय सांगताना मात्र दोघांनीही बोलावे, असा माझा आग्रह असतो.

आपल्याकडे आजीला वगळून यातले काहीच टिकत नाही. आईवडील नोकरीवर असताना मुलाला तिनेच वाढवलेले असते, आणि तिला अडथळा मानणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निष्फळही आहे. मी तिला एका बैठकीला बोलावतो, ठरलेले तिला दोघांनी मिळून सांगावे आणि तिची मदत मागावी असे सुचवतो. त्यातही सुरुवात सुनेने करू नये, वडिलांनी आपल्या आईशी स्वतः बोलावे. या एका गोष्टीने पुष्कळ घरांतला ताण उतरतो.

जिथे मारहाण किंवा धाक आहे तिथे मात्र ही पद्धत वापरू नये. नवऱ्यासमोर खरे बोलल्याची किंमत जिला घरी मोजावी लागणार आहे, तिला समोरासमोर बसवून सहमती मागणे धोक्याचे आहे. तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावे, आधी तिच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करावा, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते हे तिला सांगावे.

आईवडील एका बाजूला आले की मूल लगेच सुधारते असेही नाही. बहुधा आधी ते अधिक चिडते, आजीकडे धाव घेते, दोघांपैकी कोण आधी ढिला पडतो हे पाहते. हे मी पालकांना आधीच सांगून ठेवतो. म्हणून पुढच्या बैठकीत मुलाने फोन वेळेवर ठेवला का, हे मी नंतर विचारतो. तुम्ही दोघे कधी आणि कुठे बोललात, आणि ज्या दिवशी पटले नाही त्या दिवशी काय केलेत, हे आधी विचारतो.